वकिलातीतून आलेलं उत्तर

बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या कुशीतल्या एका पाड्यावर मी शिक्षिका होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भातकापणी आटोपली की पाड्यावरचे पुरुष गुजरातच्या बंदरांवर खलाशी म्हणून जायचे आणि पावसाआधी परतायचे. एका वर्षी त्यांतला एकजण परतला नाही. तो होता ती बोट पाकिस्तानच्या गस्ती नौकेने पकडून नेली होती.

दोन वर्षांनी बोटीवरचे बाकीचे सुटून आले. हा मात्र कराचीच्या तुरुंगातच राहिला. सुटलेल्यांपैकी एकाने निरोप पाठवला, की आपल्या वकिलातीचा अधिकारी तुरुंगात येऊन सगळ्यांची नावं लिहून घेऊन गेला होता. त्या नावांची चौकशी आपापल्या गावी झाली आणि माणसं सुटली. याची चौकशीही इथवर आली होती, पण कागदावर नाव भलतंच, पाड्याचं नाव तर ओळखूच येऊ नये असं. 'अशी व्यक्ती येथे राहत नाही' असा शेरा मारून कुणीतरी तो कागद परत पाठवला होता. माणूस आपला आहे असं भारताने म्हटल्याशिवाय ते सोडणार कसे?

त्याची बायको शाळेत आली आणि उंबऱ्याशीच बसली.

"बाई, तो जिता हाय. आन् इथलाच हाय. आता ह्ये कागदावर कोन सांगल?"

मी शाळेचं जुनं रजिस्टर काढलं. दुसरीपर्यंत तो याच शाळेत शिकला होता. नाव, बापाचं नाव, पाडा, सगळं शाईने नीट लिहिलेलं. मी उतारा तयार केला, सरपंचांचा शिक्का घेतला, खाली तिचा अंगठा घेतला आणि हिंदीत एक पत्र लिहिलं. पाकिटावर इंग्रजीत पत्ता घातला: भारतीय राजदूतावास, इस्लामाबाद.

मुख्याध्यापकांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "बाई, तुम्ही सरकारी नोकरीत आहात. पाकिस्तानात पत्र पाठवताय?"

"आपल्याच वकिलातीला पाठवतेय, सर."

खरं सांगायचं तर मलाही धाकधूक होती. वकिलात म्हणजे मेजवान्या आणि झेंडा लावलेली मोटार, एवढंच मला ठाऊक होतं. दोन्ही देशांचं बिनसलं की एकमेकांची माणसं हाकलून द्यायची, हे पेपरात वाचलेलं. तिथे कुणी आमचं पत्र उघडेल, याची काय खात्री?

तीन महिन्यांनी पोस्टमन चढ चढून शाळेत आला. पाकिटावर सिंहमुद्रा होती. अधिकाऱ्याने लिहिलं होतं, की उतारा मिळाला. तुरुंगात भेटीची परवानगी पुन्हा मागितली आहे. ओळखीची खात्री पटावी म्हणून फक्त त्यालाच उत्तरं ठाऊक असतील असे तीन प्रश्न कळवावेत, उत्तरांसकट.

दोन प्रश्न तिने झटक्यात सांगितले. घरामागे कसलं झाड आहे? वीज पडून अर्धा जळालेला आंबा. बायकोच्या डाव्या हातावर डाग कशाचा? उकळती पेज सांडली त्याचा. तिसऱ्याला ती अडखळली. मग म्हणाली, "इचारा, जाताना मना काय बोललास?"

"काय बोलला होता?"

"काय नाय. भांडान झालेला. तसाच गेला." आणि ती खुदकन हसली. दोन वर्षांत मी तिला हसताना पहिल्यांदा पाहत होते.

उत्तर आलं ते मी तिला बोलावून वर्गातच वाचून दाखवलं. आंबा बरोबर, पेज बरोबर. तिसऱ्या प्रश्नावर तो म्हणाला, "बोललो नाय. चुकला माजा." शेवटी अधिकाऱ्याने लिहिलं होतं, 'हा माणूस आपलाच आहे. दिल्लीला तसे कळवले आहे.' ती उठली, पत्र माझ्या हातातून घेतलं आणि उलटंच धरून कितीतरी वेळ बघत राहिली. मी ते सरळ करायला गेले नाही.

त्यानंतरही काही महिने गेले. दोन्ही सरकारांची त्या काळात पेपरातून रोज जुंपलेली असायची, पण कागद पुढे सरकत राहिले. एका सकाळी तो बोईसर स्टेशनावर उतरला, सोबत एक हवालदार. अख्खा पाडा तारपा घेऊन आला होता. मुख्याध्यापकही आले होते, हातात हार घेऊन. तो बायकोसमोर येऊन उभा राहिला. मग तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि चालायला लागली.

तारपा वाजवत आम्ही स्टेशनाबाहेर पडलो. कारखान्याकडे निघालेले कामगार सायकली थांबवून बघू लागले. एकाने तिला विचारलं, "किसकी शादी है?"

"माजी," ती म्हणाली.

नंतर पालघरपासून चिंचणीपर्यंतच्या, नवरे तिकडे अडकलेल्या बायका पत्ता शोधत माझ्या शाळेत येऊ लागल्या. पाकिटावरच्या त्या 'इस्लामाबाद'चं इंग्रजी स्पेलिंग मला अजून तोंडपाठ आहे.