कुसुमच्या पायातली जोडवी

गिरणीवाल्याला गावातलं सगळं ठाऊक असतं. दळण होईपर्यंत बाया ओट्यावर बसतात आणि पट्ट्याच्या आवाजात आपलं कुणाला ऐकू जात नाही असं समजून मोठमोठ्यानं बोलतात. कुणाची सून माहेरी का बसली, कुणाच्या दिरानं काय केलं — वडवणीतल्या निम्म्या घरांची गुपितं मी पीठ चाळता चाळता ऐकली आहेत. माझं एक गुपित मात्र अजून कुणाच्या कानावर गेलेलं नाही. ना पोराच्या, ना मित्राच्या, ना — जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं — तिच्या. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या गिरणीत दळण घेऊन कधी येणार नाही, म्हणूनही असेल.

सुरुवात माझ्या पायांपासून करतो. ते सोपं आहे.

गेल्या उन्हाळ्यापासून माझे दोन्ही पाय सुजतात. सकाळी बरे असतात. दुपार कलली की नडगीवरची कातडी ताणून चकाकायला लागते, अंगठ्यानं दाबलं तर खड्डा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो. दुखणं असं की पायात ओली वाळू भरून ठेवलीय असं वाटतं. बीडला जाऊन सगळं तपासून आलो. रक्त, लघवी, छातीची पट्टी, किडनी, पायाच्या शिरा. सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, "काका, या वयात होतं कधीकधी. कारण सापडेलच असं नाही." म्हणजे आजाराला नाव नाही आणि पायाला चप्पल होत नाही! जन्मभर गिरणीच्या तोंडाशी उभा राहिलेला माणूस मी, आता बाजेवर बसतो, पायांखाली दोन उशा घेऊन.

संध्याकाळी कुसुम — माझी बायको — घमेल्यात कोमट पाणी आणते, मीठ टाकते, माझे पाय त्यात ठेवते आणि समोर बसकण मारून शेकते. खरंच दुखतंय का, असं तिनं एकदाही विचारलेलं नाही. मी 'दुखतंय' म्हटलं की तिच्यासाठी ते दुखतंय. आणि मला लाज वाटते. फार लाज वाटते. कारण ती तशी बसली की तिचा डावा पाय लुगड्याच्या काठाखालून पुढे येतो. त्या पायाला चारच बोटं आहेत.

या बोटाची गोष्ट आमच्या गल्लीत सगळ्यांना तोंडपाठ आहे. कुसुमनं कुंकवासाठी बोट दिलं, पण जोडवं काढू दिलं नाही! सासवा नव्या सुनांना सांगतात. हळदीकुंकवाला बाया तिच्या त्याच पायाला हात लावून नमस्कार करतात. मी तेव्हा आत असतो, किंवा गिरणीत काहीतरी काम काढतो. गोष्ट खोटी आहे. ती कुणी पसरवली ते सांगतो, पण खरी काय आहे हे फक्त मला माहीत आहे —

नाही, असं एकदम नको. क्रमानं सांगतो.

पुष्कळ वर्षं झाली. त्या साली माझा थोरला भाऊ गेला. दादा माझ्याहून थोडाच मोठा. जेवून उठला, छातीत कळ आली आणि खाली बसला तो बसलाच. दहाव्याला वहिनीला अंगणात पाटावर बसवलं. कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. मग दोघी-तिघी बाया तिच्या पायातली जोडवी काढायला बसल्या. एक निघालं. दुसरं निघेना. साबण लावला, तेल लावलं, ओढलं. वहिनी दादासाठी रडत होती की बोटासाठी, कळत नव्हतं. मी दाराशी उभा होतो. आणि का कोण जाणे, माझी नजर कुसुमच्या पायांकडे गेली. तिची जोडवी होती जागेवर. लग्नातली, जाडजूड, तोंड झाळून बंद केलेली. मला बरं वाटलं. भाऊ गेलेल्या घरात मला बरं वाटलं! तेव्हापासून माझ्याही छातीत अधूनमधून कळ यायला लागली. गॅस असेल. पण रात्री अंथरुणावर पडलं की तो गॅस आहे हे पटायचं नाही.

आता हेही सांगतो, मी देवभोळा माणूस नाही. अमावस्येलाही पट्टा चढवून गिरणी चालवणारा मी. अंगारे-धुपारे करणाऱ्यांची मी ओट्यावर बसून टिंगल केली आहे. म्हणून तर हे कुणाला सांगता आलं नाही.

पावसाळा संपता संपता कुसुमचे पाय सुजायला लागले. आता माझे सुजतात तसेच. कारण तेव्हाही कळलं नाही. गिरणीत ती माझ्या बरोबरीनं उभी राहायची, दळण ओतायची, पीठ भरायची, त्यानंच असेल म्हणून आम्ही महिनाभर काढला. मग एक दिवस डाव्या पायाचं अंगठ्याजवळचं बोट लालभडक झालं. जोडवं मांसात रुतलं होतं. तिला घेऊन मी गावातल्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बघितलं, गोळ्या लिहून दिल्या, तिला बाहेर बसायला सांगितलं आणि मला थांबवलं.

म्हणाले, "सूज कशानं हाय ते बघू सावकाश. पण जोडवी आजच्या आज सोनाराकडून कापून घ्या. रक्त अडायलंय. उशीर केला तर बोट जाईल."

आजच्या आज. मी ते नीट ऐकलं. गोंधळात ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय मला नाही.

बाहेर आलो तर कुसुमनं पहिलाच प्रश्न तो केला. "जोडव्याचं काय म्हणले वं डॉक्टर? लई रुतायलंय. काढा म्हणले का?"

ती काढायला तयार होती. हे लक्षात ठेवा. तिला त्या वेळी कुंकू आठवलं नव्हतं, तिला बोट दुखत होतं.

आणि मला पाटावर बसलेली वहिनी दिसली. सोनाराची कातर दिसली. कुसुमचा मोकळा पाय दिसला — आणि मी मेलेला दिसलो. तुम्ही हसाल. हसा. मी म्हणालो, "न्हाई. काय न्हाई म्हणले. गोळ्यांनी सूज उतरली की सैल व्हतील आपोआप."

"बरं," ती म्हणाली. एवढंच. सोनाराच्या दुकानावरूनच आम्ही घरी आलो. सोनार दारातच बसला होता, त्यानं मला रामराम केला, मीही केला.

उद्या नेऊ, परवा नेऊ, असं मी स्वतःला सांगत राहिलो. दसरा झाला होता. आमच्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघायचे दिवस. निघण्याआधी ती माणसं बाजरीची पोतीच्या पोती दळून नेतात, गिरणीला श्वास घ्यायला फुरसत नसते. कामाची गर्दी हे मला छान निमित्त मिळालं. पण त्या गर्दीत दळण कोण ओतत होतं? कुसुमच. भिंतीला धरून, डावा पाय उचलून. एकदा म्हणाली, "बोट लई ठणकतंय." मी पट्ट्याच्या आवाजात ओरडलो, "समद्याच बायांचे पाय दुखतेत, तुझंच काय नवीन!" ओट्यावरच्या बाया हसल्या. तीही हसली. ते हसू मला अजून दिसतं.

मग एका सकाळी बोट काळं दिसलं.

अंबाजोगाईला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी दोन्ही पायांची जोडवी कापून काढली. पायातून ती जोडवी निघायला किती वेळ लागला म्हणता? चहा गार होणार नाही इतका. मग त्या माझ्याकडे वळल्या. "इतके दिवस का ठेवलीत? आधीच्या डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं का?"

उत्तर कुसुमनं दिलं. "सांगितलं असंल बाई त्यांनी. मीच काढू देली न्हाईत. सवाष्णीचा पाय हाय."

असं ती कधीच म्हणाली नव्हती. एकदाही नाही. मग तेव्हा का म्हणाली? तिला सगळं कळलं होतं का? की परकी बाई नवऱ्याला बोलतेय, एवढंच तिला बघवलं नाही? शेजारच्या खाटेवर आमच्याच गल्लीतल्या एकीची सासू होती, तिनं हे ऐकलं आणि आमच्या आधी ते वडवणीला पोचवलं. बोट तिथंच कापावं लागलं. आम्ही परत आलो तेव्हा बाया ओवाळायला उभ्या होत्या. मी खाली मान घालून घरात गेलो, तर लोकांना वाटलं, बिचाऱ्याला भरून आलंय.

पाय बरा होईपर्यंत, पार संक्रांत उलटून जाईपर्यंत, कुसुमच्या पायात जोडवं नव्हतं. आणि मला काय झालं? काही नाही. साधं पडसं झालं नाही. छातीतली कळसुद्धा कुठे गेली ती गेली. पुढे तिनं नवी जोडवी केली. डाव्या पायातलं जोडवं ती आता गेलेल्या बोटाच्या शेजारच्या बोटात घालते. त्या बोटाला ते मोठं होतं, म्हणून दोरा गुंडाळते.

आता गेल्या आठवड्यातलं सांगतो आणि थांबतो.

माझे पाय सुजायला लागले तेव्हा कुसुमनं मारुतीच्या देवळातून काळा दोरा आणून माझ्या उजव्या घोट्याला बांधला होता. माझ्या जिवाला काही होऊ नये म्हणून. त्या संध्याकाळी सूज जास्त होती, दोरा कातडीत बुडाला होता. तिनं घमेलं ठेवलं, पाय हातात घेतला, बघितलं आणि उठून पोत्यांची शिवण उसवायची कात्री घेऊन आली.

मी पाय मागं घेतला. "अगं, कशाला तोडतीस? देवाचा हाय. तूच बांधला व्हता की."

"मंग काय झालं?" तिनं पाय पुन्हा ओढून घेतला आणि कचकन दोरा कापला. "सुजल्यावर आवळंल ते काढावंच लागतंय. हे काय डॉक्टरनी सांगाया पायजे व्हय?"

हे बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. दोऱ्याचे तुकडे गोळा करत होती.

तेव्हा सांगता आलं असतं. घरात दुसरं कुणी नव्हतं, गिरणी बंद होती, आणि मी तोंड उघडलंही होतं. ती मान वर करून थांबली. मी म्हणालो, "पाणी गार झालंय."

"आणते की," म्हणाली, आणि घमेलं उचलून डाव्या अंगाला जरा कलत आत गेली.

पाणी चांगलं गरम होतं.