आमच्या घरात असलं होत नाही

कुंकू लावणारा हात माझ्या कपाळापाशी येऊन थांबला.

"अगं बाई, तुमच्यात चालत न्हाई ना?" संस्थेच्या अध्यक्षांच्या पत्नी मोठ्यानं म्हणाल्या. रांगेतल्या सगळ्या बायकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. आम्ही बौद्ध. हे तोवर तिथे कुणी बोललं नव्हतं. आता बोलून झालं होतं.

बीडमधल्या ज्या इंग्रजी शाळेत मी शिकले, तिथेच मी शिकवत होते. आठवीच्या मुलींना शरीर, नातेसंबंध, संमती हे शिकवायचं होतं. त्याआधी पालकांशी बोलायचं होतं. पालकसभेला वडीलच येतात. आया याव्यात म्हणून प्राचार्यांनी संक्रांतीचं हळदी-कुंकू ठेवलं. वाण द्यायचं, तिळगूळ द्यायचा, आणि मधेच मी पंधरा मिनिटं बोलायचं.

मी उभी राहिले. अवयवांची नावं मला इंग्रजीत येत होती. मराठीत मी ती फक्त शिव्यांत ऐकली होती. मी अडखळले. मागून कुणीतरी हसलं.

"मॅडम, लग्न झालंय का तुमचं?"

"नाही."

"मग हे सगळं कुठं शिकलात?"

हॉल हसला. पदर तोंडाला लावून, एकमेकींच्या मांडीवर थापा मारून. मी हातातला कागद घट्ट धरला आणि पुढे बोलले. घरातल्या माणसानं नको तिथे हात लावला तर मुलीनं कुणाला सांगावं, इथपर्यंत आले.

अध्यक्षीणबाई उठल्या. "हे तुमच्या वस्तीत सांगा जाऊन. तिथं गरज हाय. आमच्या घरात असलं होत न्हाई."

बायकांनी माना डोलावल्या. एकीनं डोलावली नाही. ती हातातल्या वाणाच्या डबीकडे बघत होती.

तिची मुलगी माझ्याच वर्गात होती. आदल्या दिवशी ती सुट्टीत मागे थांबली होती. तिनं जे सांगितलं, ते मी त्याच दुपारी प्राचार्यांना सांगितलं होतं. "आधी कार्यक्रम पार पडू दे," त्या म्हणाल्या होत्या.

मी खाली बसले. कुणी पाणी विचारलं नाही. अध्यक्षीणबाई पुन्हा कुंकू लावायला लागल्या.

चपला घालताना ती आई माझ्याजवळ आली.

"तिनं तुमाला काई सांगितलं का?"

"हो."

"कोण?"

"काका."

तिनं भिंतीला हात टेकला. मग म्हणाली, "मला कावून न्हाई सांगितलं तिनं? मी तर घरातच असते."

मी तिला फाटकाशी थांबायला सांगितलं.

प्राचार्यांनी मला आत बोलावलं. "अगं, अध्यक्षीणबाई लई चिडल्यात. सॉरी म्हण. आणि त्या मुलीचं घरातल्या घरात मिटू दे. शाळेचं नाव आहे."

लहानपणापासून मी याच खोलीत मान खाली घालून उभी राहिले आहे. 'येस मॅम' शिवाय इथे काही बोलले नव्हते.

"नाही," मी म्हणाले. "मी सॉरी म्हणणार नाही. आणि आत्ता पोलीस ठाण्यात चाललेय."

ती आई फाटकाशी उभी होती. माझ्यासोबत रिक्षात बसली. वाटेत तिचा फोन वाजत राहिला. तिनं उचलला नाही.

मुलगी आता मामाच्या गावी आहे. शाळा सुटली तिची. आईला त्या घरात परत घेतलं नाही. माझी नोकरी गेली. काका जामिनावर सुटलाय, चौकात दिसतो. मला पाहून खाकरतो.

मला साक्षीला बोलावतील. त्याचा वकील माझं लग्न काढेल, जात काढेल, हे कुठं शिकलात म्हणून विचारेल. तिथेही लोक हसतील.

हसू देत. ती मुलगी जे बोलली, ते मी तिथे शब्दन् शब्द सांगणार आहे.