इखलासबाईंच्या खिशातली नळी

वेलदोड्याचा गहवा, म्हणजे अरबी कॉफी, समोर आला आणि इखलासबाईंनी कप हलवून 'पुरे' अशी खूण केली, असं अल वक्रा या आमच्या आखाती गावात कुणीही पाहिलेलं नाही. मूळच्या सुदानच्या या नर्सबाई घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचं रक्त घ्यायच्या आणि दुपारच्या बांगेनंतर आमच्या लॅबमध्ये उगवायच्या. मी रोज करवादायचो, "बाई, सकाळी आठला निघता, असता कुठे इतका वेळ?"

"माणसांत असते. तू बस तुझ्या मशिनपाशी."

त्यांच्या यादीत पहिलं घर उम्म गानिम या म्हातारीचं. गेल्या वर्षी तिच्या मेंदूत लहानशी गुठळी अडकली होती आणि रक्तात होमोसिस्टीन चोवीस निघालं होतं. अन्नातल्या प्रथिनांपासून शरीरात हे द्रव्य तयार होतं. बी-बारा आणि फॉलिक अ‍ॅसिड पुरेसं असलं की शरीर त्याची विल्हेवाट लावतं. ही जीवनसत्त्वं कमी पडली की ते रक्तात साठतं आणि हृदयाच्या, मेंदूच्या रक्तवाहिन्यांना त्याचा जाच होतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पंधराच्या खाली आणा म्हणाले. गोळ्या द्यायचं काम मुलीकडे, नौफकडे. तिचं लग्न झालेलं नाही. आई एवढंच तिचं माणूस.

तीन महिन्यांनी आकडा आला सोळा. पुढच्या वेळी सतरा. मग एकोणीस.

अल खोरहून मुलगा गानिम आला, कागद पाहिला आणि इखलासबाईंच्या देखत बहिणीवर घसरला. "गोळ्या देतेस की नुसती डबी वाजवतेस? पुढच्या वेळी आकडा उतरला नाही तर आईला मी घेऊन जाणार."

बाई तशाच माझ्याकडे आल्या. "नौफ गोळी चुकवणारी पोरगी नाही. मग आकडा चढतो कसा? आणि याच घरचा का?"

"मशीन खोटं बोलत नाही," मी ऐटीत म्हणालो.

"मशीनला कोण विचारतंय? मी तुला विचारतेय."

मला रागच आला, खोटं कशाला सांगू? पण प्रश्न डोक्यात घुसला तो निघेना. शेवटी मीच विचारलं, "रक्त घेतल्यावर नळी ठेवता कुठे?"

"खिशात."

"आणि बर्फाचा डबा?"

"गाडीत. लोकांच्या दिवाणखान्यात काय मासळीवालीसारखी डबा घेऊन बसू? गहवा झाला की नेऊन ठेवते."

"गहव्याला वेळ किती लागतो?"

बाईंनी बोटांवर हिशोब केला. "पहिल्यांदा गेले तेव्हा दहा मिनिटं बसले असेन. आता उम्म गानिम खाला सोडतच नाही. 'बस गं पोरी, अजून एक घोट, तुझ्या आईचं सांग ना.' परवा तीन तास झाले."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्याच दंडाला पट्टा बांधून माझ्याकडून दोन नळ्या भरून घेतल्या. एक लगेच बर्फात ठेवली, दुसरी खिशात घालून तीन तास हिंडल्या. बर्फातल्या नळीचा आकडा आला नऊ आणि खिशातल्या नळीचा चौदा. बाई तीच, हात तोच, वेळही तीच. मी पुन्हा लावून पाहिलं, तरी तेच.

रक्त अंगाबाहेर आलं तरी त्यातल्या पेशी लगेच मरत नाहीत. नळीत बसूनही त्या होमोसिस्टीन बाहेर टाकत राहतात, ऊब मिळाली की जास्तच. हे मला परीक्षेपासून पाठ होतं. पण नळी हातात घेताना 'रक्त किती वाजता काढलं' हे मी कधी विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. त्या घरचा लोभ वाढत गेला, बाईंचं बसणं वाढत गेलं आणि त्याबरोबर आकडाही. शिक्षा मात्र नौफला.

पुढच्या वेळी बाई बर्फाचा डबा थेट दिवाणखान्यात घेऊन गेल्या. आकडा आला बारा. कागद द्यायला मीही सोबत गेलो, कारण चूक निम्मी माझी होती. गानिम आधीच येऊन बसला होता. दाराशी म्हातारीच्या कपड्यांची बॅग भरून ठेवलेली होती.

बाईंनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. "खाला, तुझ्या गहव्याचा दोष नाही. नळी मी खिशात ठेवली. नौफने एकही गोळी चुकवलेली नाही."

गानिम गोंधळून म्हणाला, "पण तिनेच तर कबूल केलं! परवा रडत रडत म्हणाली, हो, मीच चुकवल्या."

सगळे नौफकडे बघू लागले.

"खोटं का बोललीस गं?" बाईंनी विचारलं.

"खोटं कुठे?" नौफ म्हणाली. "मी रोज गोळी तिच्या जिभेवर ठेवायचे, ती गिळेपर्यंत समोर बसायचे. तरी तीनदा कागदावर आकडा पंधराच्या वरच आला. मला वाटलं, गोळी दिली असं मला नुसतं वाटतंय. माझंच डोकं फिरलंय."

गानिम उठून दाराशी गेला, बॅगेपाशी खाली बसला आणि आईचे कपडे एकेक करून बॅगेतून बाहेर काढू लागला.