पाच नंबरवरची आत्या

देव आहे की नाही याबद्दल माझ्या आतोबांना आयुष्यभर शंका आहे. पण बातम्या एकवीस नंबरवरच असल्या पाहिजेत, याबद्दल तिळमात्र नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. कर्जतच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन ते पोशीरच्या घरी राहायला आले, तेव्हा अर्ध्या तालुक्याचे फोन नंबर त्यांना तोंडपाठ होते आणि ते विचारणारं कुणीही उरलं नव्हतं. मला त्यांची दया आली. माझा जुना कॉम्प्युटर मी त्यांना नेऊन दिला, त्याला डिशची वायर जोडली आणि टीव्हीचे कार्यक्रम रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं. त्यात प्रत्येक वाहिनीला आपल्या मनाने नंबर देता येतो, हे कळलं त्या दिवसापासून आतोबांना जेवणाची शुद्ध राहिली नाही. डिशवाल्यांनी दिलेला नंबर त्यांना अपमानासारखा वाटे. "त्येंचा नंबर त्येंच्यापाशी. माझ्या घरात माझा नंबर," असं म्हणून त्यांनी बातम्या एकवीसवर बसवल्या, कीर्तनं तीसच्या पुढे नेली आणि क्रिकेट नव्याण्णववर टाकलं, कारण शेवटी बसणाऱ्याने आरडाओरडा केला तरी चालतो. वाहिन्यांची नावं ते घेतच नसत. कोंडाण्याच्या एका लग्नात व्याह्यांनी अदबीने तब्येत विचारली, तर हे म्हणाले, "ती बरी हाय. तुमच्याकडं बातम्या कितीवर?" व्याही अजून त्यांना दुरूनच नमस्कार करतात.

पाच नंबर मात्र आत्याचा होता. साखरेच्या आजाराने तिची नजर अधू झाली होती, आणि रिमोटवर पाचाच्या बटणावर बोटाला लागेल असा बारीक उंचवटा असतो. आतोबांनी तिची आवडती मराठी वाहिनी तिथे आणून ठेवली. आत्या अंगठ्याने चाचपून बटण दाबायची आणि मला म्हणायची, "तीस वर्सांत ह्यांनी एवढं एकच काम इचारून केलं रं." प्रत्यक्षात त्यांनी तेही विचारलं नव्हतं.

मग पोशीरच्या भजनी मंडळाला त्याच वाहिनीच्या रोजच्या भजनाच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. मंडळात आत्या टाळ वाजवायची. बायका टेंपो करून गेल्या, गाऊन आल्या, आणि एका गुरुवारी दुपारी चारला कार्यक्रम लागणार असं ठरलं. सगळ्या गावाने तो देवळात एकत्र बघायचा होता. आतोबांनी घरी पाच नंबरला रेकॉर्डिंग लावलं आणि देवळात जाऊन सगळ्यांना सांगितलं, "घाई नाय. घरी पायजे तेवढ्यांदा बघू." चुकूनमाकून एखादी नवी वाहिनी सुटू नये म्हणून आदल्या दिवशी त्यांनीच सॉफ्टवेअरला रोज आपोआप शोध घ्यायला लावलं होतं. त्याने चार वाजायच्या आधीच शोध घेतला, आणि सगळे नंबर स्वतःच्या मर्जीने पुन्हा लावून टाकले. संध्याकाळी शेजारणी जमल्या, आत्याने सगळ्यांना चहा दिला, आणि पडद्यावर तासभर जाहिरातीतला एक माणूस फरशी पुसत होता. पुसायचा आणि दांडा वाकवून दाखवायचा. आत्या डोळ्यांतून पाणी येईस्तो हसली. "अवं, आमच्यापरीस ह्यो बरा दिसतोय," म्हणाली. आतोबा हसले नाहीत.

पुढच्या पावसाळ्यानंतर आत्या गेली. घरात तिचे फोटो होते, पण आवाज कुठेच नव्हता. तेरावं झाल्यावर मी निघालो, तेव्हा आतोबांनी पुन्हा चारचं रेकॉर्डिंग लावलं होतं. जुने भाग कधीतरी परत दाखवतात, एवढाच आधार. रोज सकाळी, दुपारी आणि चारला पाच मिनिटं असताना ते पाचावर तीच वाहिनी आहे ना, ते बघत. कुणी आजारी असो, दारात पाहुणा उभा असो, चारला ते घरात. मी महिन्यातून एकदा जायचो. कुठल्या कुठल्या गावच्या बायका गाऊन जायच्या. "आज नाय," एवढंच म्हणून ते उठत आणि चहा टाकत. असं दोन वर्षांहून जास्त चाललं. एकदा मी धीर करून म्हणालो, "आतोबा, नाही लागला तर?" ते म्हणाले, "नंबर बरोबर हाय. लागंल."

आणि लागला. त्यांनी फोनवर फक्त "ये" म्हटलं. मी पोचलो तर पोशीरचं नाव दिसताच त्यांनी पडदा बंद करून ठेवला होता, पुढचं बघितलंच नव्हतं. एकट्याने बघवेना असं नाही म्हणाले, पण दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. आत्या दुसऱ्या रांगेत होती. पुढच्या बाईच्या अंबाड्याआड निम्मी झाकलेली, कॅमेरा सोडून भलतीकडेच बघणारी. मधेच सगळ्या थांबल्या आणि एक ओळ तिने एकटीने म्हटली. खर्जातली, जराशी फाटलेली. आतोबा पुढे वाकले. ओळ संपली, टाळ वाजले, आणि ते हळूच म्हणाले, "चुकली. ठेका चुकली बघ." मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

पुन्हा लावू का, मी विचारलं. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. उठून कॉम्प्युटरपाशी गेले आणि उद्याच्या चारचं रेकॉर्डिंग लावू लागले.

"आता कशाला, आतोबा? सापडली की."

"उद्या दुसऱ्या गावच्या बाया हायेत," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "त्येंच्याबी घरी कुणी शोधत असंल रं."