शेजारच्या वहिनींचा शेरा

मदन महल वस्तीत आमच्या शेजारच्या वहिनी रोज दुपारी माझ्याकडे टीव्ही बघायला येतात. आफ्रिकेच्या जंगलात जनावरांचा दवाखाना चालवणाऱ्या एका कुटुंबाची मालिका लागते, हिंदीत. वहिनी खाली बसून सुपारी कातरतात आणि एकच शेरा मारतात.

मालिकेतली सून सिंहाच्या पिंजऱ्यापाशी इस्त्रीच्या कपड्यांत फिरते. "खोटं." नवरा चुकला की सगळ्यांसमोर तिची माफी मागतो. "एकदम खोटं! काहून मागंल तो?" शेवटी सगळे एका टेबलावर हसत जेवतात, तेव्हा तर त्या टीव्हीकडे बघतसुद्धा नाहीत.

मला मालिका आवडते. एकदा चिडून विचारलं, "मग येता कशाला?"

"जनावरं पाहाले येते, दीदी."

परवा त्या भिंतीला धरून लंगडत आल्या. "बाथरूममध्ये घसरली मी," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी मालिकेतला डॉक्टर सुनेला सांगत होता, की जखमी झेब्रा आपलं दुखणं दिसू देत नाही. लंगडताना दिसला, की सिंह नेमका त्यालाच गाठतो.

वहिनींचा अडकित्ता थांबला. "हे मात्र बरोबर दाखवून राहिले."

तेवढ्यात बाहेर त्यांच्या नवऱ्याच्या स्कूटरचा हॉर्न वाजला. वहिनी उठल्या, पदर सारखा केला आणि निघाल्या. मी खिडकीतून बघत होते. माझ्या दारापासून त्यांच्या फाटकापर्यंत त्या ताठ चालत गेल्या. जराही लंगडल्या नाहीत.