संकट घेऊन जाणारे मासे

घरातला मासा मेला की आमच्याकडे तो कशाने मेला असं कुणी विचारत नाही. "चला, संकट गेलं," म्हणतात. घरावर येणारं आजारपण, अपघात, जे काही असेल ते मासा स्वतःवर घेतो आणि जातो, असं आमच्या बिल्डिंगमधली निम्मी घरं मानतात. कित्येकांनी टँक त्यासाठीच आणलेला असतो. या एका वाक्याने माझं डोकं जेवढं फिरतं तेवढं दुसऱ्या कशाने फिरत नाही.

आम्ही जोगेश्वरीला राहतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. घरात आई, बाबा आणि मी. हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी माझा टँक, आणि त्यात एकच मासा होता, ऑस्कर जातीचा. काळा, अंगावर नारिंगी डाग, तळहाताहून मोठा. हा मासा माणूस ओळखतो. मी ऑफिसातून आले की काचेला तोंड लावून उभा राहायचा. बाबा टीव्हीसमोर बसले की त्यांच्याकडे वळून बघत बसायचा. रविवारी कोळंबी आली की मीठमसाला लावायच्या आधी आई एक सोललेली कोळंबी बाजूला काढायची, ती त्याची. आम्ही मूळचे मालवणकडचे, मासे खाणारी माणसं. त्यामुळे घरी येणारा प्रत्येक पाहुणा "याचं कालवण कधी करताय" हा विनोद करायचा आणि तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं समजून हसायचा. मीही हसायचे.

त्या वर्षी जिना चढताना बाबांच्या छातीत कळ यायला लागली. ट्रेडमिलवर चालवून तपासलं, ते काही चांगलं आलं नाही. डॉक्टरांनी अँजिओग्राफी लगेच करून घ्या म्हणून सांगितलं. बाबा म्हणाले, गणपती होऊ दे. डॉक्टरांना ते आवडलं नाही, पण त्यांनी गणपतीनंतरची पहिली वेळ दिली. हातातून नळी घालणार हे कळल्यापासून बाबा बसल्या बसल्या मनगट चोळत राहायचे. घाबरले होते, पण विचारलं तर म्हणायचे, छे, मला काय होतंय.

गणपतीच्या आधी आमच्याकडे घर नुसतं झाडत नाहीत, घासून काढतात. पंखे, जाळ्या, माळ्यावरची पातेली, सगळं. त्यासाठी बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, बोरिवलीहून येऊन राहते. तिच्या हातात काथ्या आला की घरातली कुठलीच वस्तू सुटत नाही. त्या दिवशी मी ऑफिसात असताना तिने टँक घेतला. माशाला बादलीत काढलं, पाणी सगळं मोरीत ओतलं, दगड उकळत्या पाण्यातून काढले, फिल्टरचा स्पंज भांड्यांच्या साबणाने धुतला, काचा त्याच साबणाने घासल्या. मग नळाचं ताजं पाणी भरलं आणि माशाला आत सोडलं.

मी घरी आले तेव्हा टँक दुकानातल्यासारखा चकाकत होता. आत्या पदराला हात पुसत म्हणाली, "बघ, कसो लखलखता तो. किती घाण होती गो त्या पाण्यात."

मासा वरच्या थराला तोंड लावून हवा ओढत होता. ज्याला ती घाण म्हणत होती त्यातच तर त्याचा जीव होता. जुन्या पाण्यात, स्पंजात, दगडांवर जे बारीक जंतू वाढलेले असतात तेच माशाची विष्ठा निपटतात. ते सगळे तिने मोरीत घालवले होते, आणि वर नळाचं क्लोरीन आणि साबण. मी क्लोरीन मारायचं औषध घातलं, पिंपातलं साठवलेलं पाणी घातलं, हवेचा पंप वाढवला. सकाळी तो आडवा तरंगत होता.

मी रडत होते, ते रागाने. आत्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि बाबांकडे वळून म्हणाली, "संकट गेला रे तुझा. मुक्या जीवान आपल्यावर घेतल्यान."

बाबांचा चेहरा त्या क्षणी जो सैल झाला तो मी विसरणार नाही. गेले कित्येक दिवस आवळलेलं काहीतरी सुटलं. त्यांनी देवासमोर हात जोडले. आईने डोळे पुसले. तीन मोठी माणसं एका मेलेल्या माशाचे आभार मानत उभी होती आणि त्यातल्या एकीने त्याला साबणाच्या पाण्यात सोडून मारलं होतं. मी तसं म्हटलं. "आत्या, तू मारलंस त्याला. संकटबिंकट काही नाही. साबण आणि नळाचं पाणी."

"असं बोलू नये," आई म्हणाली. बस, एवढंच. त्या घरात चूक माझी होती, कारण मी बोलले होते.

गणपती झाले, आणि बाबांनी स्वतः फोन करून अँजिओग्राफी रद्द केली. मला ते हॉस्पिटलच्या मेसेजवरून कळलं. मी घरभर आदळआपट केली. ते शांतपणे म्हणाले, "अगं, आता दुखत नाही. गेलं ते." दुखत नव्हतं, कारण ते जिना चढायचंच टाळत होते. भाजी आई आणत होती.

एक दिवस मात्र ते खाली उतरले आणि येताना प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन छोटे गोल्डफिश घेऊन आले. मला वाटलं माझ्यासाठी आणलेत, मला वाईट वाटलं म्हणून. क्षणभर मी विरघळलेच. तेवढ्यात ते आईला म्हणाले, "एक माझा, एक तुझा. घरात असलेले बरे."

म्हणजे हे दोन जीव मरायच्या कामावर ठेवले होते. आणि हिशोब तर बघा. मासे जितके वाईट ठेवाल तितके पटापट मरतील, आणि जितके मरतील तितकी घरावरची संकटं टळतील. ज्या घरात कुणाला मासे पाळता येत नाहीत ते घर सगळ्यात भाग्यवान. असला उलटा न्याय मी कुठे पाहिला नाही. तोही माझ्या घरात, माझ्या बापाच्या जिवावर.

त्या दोघांना जगवायचंच असं मी ठरवलं. प्रेमाने नाही, इरेला पेटून. घासलेल्या टँकमध्ये नवे मासे टिकणं कठीण असतं, जंतू पुन्हा वाढायला वेळ लागतो. मी रोज सकाळी थोडं पाणी काढायचे, रात्रभर ठेवलेलं पाणी औषध मारून घालायचे, खाणं चिमटीतल्या चिमटीत. बाथरूममध्ये बादल्यांची रांग. आई म्हणायची, अंघोळ करायला जागा ठेव ना. आत्या फोनवर म्हणायची, "कशाक गो जिवाचा रान करतंस? जातले ते जातले." ते मासे जगावेत असं त्या घरात मला एकटीलाच वाटत होतं.

मासे जगले. चांगले गुटगुटीत झाले. आणि एका संध्याकाळी मी ऑफिसातून येताना बाबा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसलेले दिसले. शेजारी दुधाची पिशवी, एक हात छातीवर, कपाळावर घाम. मला बघून ते हात खाली घ्यायला लागले.

मी त्यांच्या शेजारी बसले. ओरडायचं खूप मनात होतं, पण आवाज निघाला तो बारीकच. "बाबा, वर दोन्ही मासे जिवंत आहेत. टणटणीत आहेत. मी एकालाही मरू दिलेलं नाही, देणारही नाही. म्हणजे तुमच्या हिशोबाने तुमचं दुखणं कुणीच घेतलेलं नाही. ते तुमच्याकडेच आहे."

त्यांनी दुधाची पिशवी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "चल, बघ कुठे वेळ मिळते का." मी तिथूनच त्यांना रिक्षाने हॉस्पिटलला नेलं.

दाखल करून घेतलं. नळी घालून बघतील, आणि अडथळा असेल तर तिथल्या तिथे स्टेंट घालतील, असं डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. आई बाहेर नामस्मरण करत होती. आत्याचा फोन आला आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: "एखादो गेलो काय गो?" "नाही," एवढंच म्हणून मी फोन ठेवून दिला, नाहीतर भर वॉर्डात तोंडाला येईल ते बोलले असते.

मग बाबांना हिरवा गाउन घालून स्ट्रेचरवर घेतलं. मी बरोबर चालत होते. दाराशी त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात थंडगार होता. मला वाटलं आईला सांभाळ म्हणतील. ते म्हणाले, "मासे कसे आहेत?"

ते विचारत काय होते ते मला कळलं. जिन्यात मी जे जिंकले होते ते सगळं तिथे माझ्या हातात होतं, आणि समोर माझा बाप लहान मुलासारखा माझ्या तोंडाकडे बघत होता.

"एक गेला," मी म्हटलं. "आज सकाळीच."

"कुठला?"

"तुमचा."

त्यांनी डोळे मिटले. माझा हात सोडला. ते आत गेले, दोन स्टेंट पडले, सगळं नीट झालं. आत्याला त्यांनीच नंतर फोनवर सांगितलं, आणि ती म्हणाली, बघलंस, मी सांगत होते.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी मी कपडे घ्यायला घरी गेले. दिवा लावला तसे दोन्ही मासे काचेशी आले आणि खाण्यासाठी तोंडं उघडझाप करायला लागले. बाबा यायच्या आत मला त्यातला एक कुणाला तरी देऊन टाकायचा होता. मी जाळी घेऊन टँकसमोर उभी राहिले आणि बाबांवर, आत्यावर, स्वतःवर इतकी चिडले की हात पाण्यात घालवेना. मग मी तळमजल्यावरच्या बाईंना फोन करून विचारलं, तुम्हाला एक मासा हवाय का. त्या आनंदाने म्हणाल्या, "हो, द्या ना. यांचीही तब्येत सध्या बरी नाही."