तीन ठोके आणि एक थांबा

आमच्या गल्लीचे किस्से माझ्याकडे इतके साठलेत, की एक काढायला जावं तर खालचा दुसराच हाताला लागतो. नाशिकला आमच्या कॉलनीत चहाला चारजणी जमल्या की कोणीतरी म्हणतंच, "निर्मलाताई, तुमच्या भंडाऱ्याचं सांगा ना!" आणि मी लागते सांगायला. आजवर या किश्शांवर पुष्कळ हसवलंय लोकांना. पण मागच्या महिन्यात आठ-दहा दिवस तिकडे जाऊन आले आणि पंचाईत झाली. गल्ली तीच, सांगणारी मीच, पण मला काही हसू येत नाही. खरं सांगायचं तर भीती वाटते. तुम्ही हसा, माझी हरकत नाही!

* * *

आधी एक जुना सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आमची भांडेगल्ली. दोन्ही बाजूंना पितळेची भांडी घडवणाऱ्यांची घरं, पुढे कारखाना, मागे संसार. कारखाना म्हणजे काय, तर एक मोठी खोली आणि जमिनीत पक्का रोवलेला लोखंडी खुंटा. त्यावर गुंड चढवायचा. गुंड म्हणजे पाणी भरायचा पितळी घडा, आमच्याकडे नवरीसोबत तो द्यायचाच. तर गुंडावर तीन ठोके मारायचे, जरासा फिरवायचा, पुन्हा तीन ठोके. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. सगळी गल्ली एका तालावर ठोकायची. कोणी ठरवलं नव्हतं, तसं पडून गेलं होतं.

ठोके चालू असताना कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून जे काय बोलायचं ते गुंड फिरवायच्या वेळात. अर्धं वाक्य बोलायचं, तीन ठोके थांबायचं, उरलेलं अर्धं बोलायचं. आम्ही भांडायचोसुद्धा असंच!

मला पाहायला अमरावतीहून पाहुणे आले ते नेमके अमावास्येला. अमावास्येला काम बंद, गल्ली शांत. त्यांनी विचारलं, शिक्षण काय? मी म्हटलं, "मी बी.कॉम..." आणि थांबले. सवयच ती. मग म्हटलं, "...करून राहिली." पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. माझे होणारे सासरे हळूच वडिलांना विचारते झाले, "मुलीला बोलण्याचा काही त्रास आहे का?"

वडील म्हणाले, "नाही जी, आमची सगळी..." आणि तेही थांबले. "...गल्लीच अशी बोलते!"

तरी लग्न झालं. सवय मोडायला मात्र मला दोन वर्षं लागली.

* * *

आता या खेपेचं. वैशालीचा फोन आला. वैशाली म्हणजे माझी भाची, धनराजदादाची एकुलती एक. नागपूरला सहाव्या मजल्यावर फ्लॅट आहे तिचा. दादा भंडाऱ्याला एकटा. सत्तरी ओलांडलीये, आणि आयुष्यभर खुंट्याशी बसल्यामुळे कान पूर्ण गेलेत.

"आत्या," वैशाली रडतच होती, "घराची मागची भिंत पडली अन् बाबा लागूनच्या खोलीत झोपून होते! सकाळी उठल्यावर समजलं त्यांना. आवाजच नाही आला! उद्या इकडची भिंत पडली तर? माझं ऐकत नाहीत, तुम्हीच घेऊन या त्यांना."

निघाले. येताना नागपूरपर्यंतची दोघांची तिकिटं काढूनच निघाले.

* * *

घर धड नव्हतं, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गावात लॉजवर उतरले. काउंटरवरच्या माणसाने आधार कार्ड पाहिलं. "नाशिक. कामानं आल्या का?"

"नाही हो, मी इथलीच."

त्याने मान वर केली. "तुमी इथल्याच, तं लॉज कायले पायजे?"

मी खोलीची किल्ली घेतली. मग ऑटो केला. भांडेगल्ली म्हटलं तर ऑटोवाल्याला कळेना. दोन-तीन खुणा सांगितल्या, पण त्यातलं एकही दुकान आता नव्हतं. शेवटी त्याची ट्यूब पेटली.

"अच्छा अच्छा! चूप गल्ली म्हणा ना मंग, मॅडम!"

तोंडाशीच उतरवलं त्याने मला. आत यायला तयार नाही. "आतमधी ऑटो फिरवाले जागा नाही," म्हणाला. जागा तर एवढी होती, की ट्रक फिरला असता.

* * *

गल्लीत चाळीस दारं असतील. कुलपं गंजलेली, काही कुलपांवर कोळ्यांनी जाळी केलेली. 'भाड्याने देणे आहे' अशा पाट्या होत्या, पण त्यावरचे फोन नंबर उन्हाने उडून गेलेले. भर दुपारी रस्त्यावरचा दिवा चालू. दादाचे कपडे भरायला ट्रॉली बॅग रिकामी करून आणली होती, तिच्या चाकांचा आवाज भिंतींवर आपटून परत येत होता. जिथे स्वतःचं बोलणं ऐकू यायचं नाही, तिथे मला माझ्या बॅगची चाकं ऐकू येत होती!

एवढ्या दारांत एक उघडं. ओट्यावर वच्छलाकाकू, आमच्या लहानपणापासूनची. मला पाहून उठलीच. "निर्मले! केवढी वाळली वं तू, नाशिकाले..." आणि थांबली. बोट वर केलं, जरा वाट पाहिली, बोट खाली घेतलं. "...खायाले भेटत नाही का?"

मला गंमत वाटली. म्हटलं, म्हातारीची सवय काही गेली नाही.

तेवढ्यात भाजीवाली आली. करडी गावची, तिशीची असेल. स्टील-प्लॅस्टिक आलं आणि गल्लीतले ठोके बंद झाले, तेव्हा ही पाळण्यात असेल. टोपली उतरवून म्हणाली, "काकूबाई, वांगे आज एकदम..." थांबली. काकूही थांबली. दोघी माझ्याकडे पाहत गप्प बसून राहिल्या. मग भाजीवाली म्हणाली, "...ताजे हायेत."

मी विचारलं, "बाई, तू कशाला थांबतेस?"

ती म्हणाली, "इथं तसंच बोलतेत जी."

"पण ठोकतंय कोण?"

"कोणीच नाही," ती म्हणाली आणि वांगी मोजायला लागली.

* * *

एक हलका सांगते. पितळेत कुठे बारीक चीर आहे का ते पाहायला भांडं वाजवून घ्यायची आमची रीत. बोटाच्या पेराने एक टिचकी मारायची आणि कान द्यायचा. चिरलेलं भांडं बद्द वाजतं.

गल्लीच्या कोपऱ्यावर पूर्वी भांड्यांची पेढी होती, तिथे आता प्लॅस्टिकचं दुकान झालंय. लॉजवर नळाचा भरवसा नव्हता, म्हणून बादली घ्यायला गेले. दुकानदाराने बादली काढली, टिचकी मारली, डोळे मिटून ऐकलं आणि माझ्यापुढे धरली. "पाहा वाजवून."

प्लॅस्टिकची बादली!

मीही वाजवली. वर म्हटलं, "बरोबर आहे." आता बोला!

* * *

गल्लीच्या शेवटी मोरेश्वर आहे. एकेकाळी हा भांड्यांवर नावं घालायचा. टोकदार छिन्नीने टकटक करत लग्नाच्या गुंडावर नवरीचं, तिच्या बापाचं आणि गावाचं नाव कोरायचा. सानगडी, लाखांदूर, कुठून कुठून लोक गुंड काखेत मारून त्याच्याकडे यायचे. आता तोच माणूस तीच भांडी भंगारात घेतो.

त्याच्या खोलीत गेले आणि दारातच उभी राहिले. शे-दीडशे पितळी भांडी जमिनीवर समोरासमोर दोन ओळींत, मधून वाट सोडलेली. वितळवायला एकही पाठवलेलं नाही.

"असं का मांडलंस रे?"

"गल्ली हाये ना," मोरेश्वर म्हणाला. "हे पहिलं घर, हे दुसरं. लोक येतेत कदीमदी आपल्या मायचं भांडं पाहाले. मंग सापडाले सोपं जाते. तुमचं घर तिकडं, डाव्या हाताले."

गेले. आमच्या शेजाऱ्यांची दोन्ही घरं जागच्या जागी. भांड्यांवरची नावं वाचली, सगळी ओळखीची, सगळी गेलेली. दोघांच्या मध्ये मात्र रिकामी जागा, झाडून स्वच्छ केलेली.

"इथे काय?"

"धनराजभाऊचा गुंड यायाचा हाये अजून," मोरेश्वर म्हणाला. "तेवढाच राहिला."

मला तिथे थांबवेना. पाणीही न पिता निघाले.

* * *

दादाशी बोलायचं म्हणजे पाटीवर लिहायचं. ओठ थोडे वाचतो, पण त्याला सोयीचं तेवढंच वाचतो! मी लिहिलं, "चल नागपूरला." दादाने वाचलं, पुसलं, आणि भिंत कशी पडली ते सांगायला लागला.

तेवढ्यात वच्छलाकाकूचा फोन आला, संध्याकाळी जेवायला ये म्हणून. तिचं घर गल्लीच्या वळणापलीकडे, आमच्या ओट्यावरून दिसत नाही. मी फोन कानाला लावून बसले. एका कानात काकू, दुसऱ्या कानात दादा.

काकू थांबली. दादाही थांबला.

काकू बोलायला लागली. दादाही लागला.

पुन्हा थांबली. पुन्हा थांबला. मी पंधरा-वीस वेळा पाहिलं. एका क्षणाचा फरक नाही. तिला दादा दिसत नाही आणि दादाला काहीच ऐकू येत नाही.  "येते ग" म्हणून फोन ठेवला आणि पाटीवर लिहिलं, "दादा, तू कशासाठी थांबतोस?"

मी अगदीच खुळी असल्यासारखं पाहिलं त्याने माझ्याकडे. "ठोके पडून राहिले ना. भिताडाचं नाही समजलं, पण हे पायाले..." थांबला. "...समजते. जमिनीतून येते."

"कोण ठोकतंय?"

"मी काहून पाहू? काम करणाऱ्याच्या तोंडाकडे पाहात बसाचं नसते. बाबानं शिकवलं नाही का तुले?"

मग मी पाटी बाजूला ठेवली आणि रडले. भीतीने रडले की दादाच्या मायेने, मलाच ठाऊक नाही. म्हटलं, "दादा, भिंत पडली तुझ्या अंगावर आणि मला ते फोनवर कळलं, असं नको रे करूस." या वेळी त्याने सगळं वाचलं असावं ओठांवरून. खुंट्याकडे एकदा पाहिलं.

"बरं, चाल," म्हणाला. "पण आधी मायचा गुंड पोहचवून येऊ."

आईचा गुंड त्याने स्वतः उचलून नेला, मला हात लावू दिला नाही. रिकाम्या जागी ठेवला. मोरेश्वरने वाकून एक टिचकी मारली. गुंड वाजला आणि पाठोपाठ दोन्ही ओळींतली सगळी भांडी हलकेच घुमली. बराच वेळ घुमत होती. मोरेश्वरने टोपी काढली.

दादाला ऐकू येत नाही म्हणते मी तुम्हाला. पण घुमणं पुरतं विरेपर्यंत तो जागचा हलला नाही.

* * *

नागपूरला पोचलो. वैशालीचा जीव भांड्यात पडला. दादा गॅलरीतल्या खुर्चीवर टाइल्सवर दोन्ही पाय टेकवून बसायचा. जेवायचा नीट, झोपायचा नीट. कुरकुर नाही की काही नाही. मलाही हायसं वाटलं.

चौथ्या दिवशी, रविवारी दुपारी, वच्छलाकाकूचा फोन आला. "निर्मले तुमी गेल्यापासून ठोके बंद झाले वं एकदम बंद मी रोज ओट्यावर बसतो कान देतो काहीच नाही अन् बोलताना धाप लागते मले मधी थांबाले जागाच नाही राहिली धनराजले विचार ना तो वापस कदी येते!"

एका दमात! वच्छलाकाकू, एका दमात! मला इतकं वाईट वाटलं.  एवढ्यात दाराची बेल वाजली.

खालच्या, पाचव्या मजल्यावरचे काका होते. रिटायर्ड, अतिशय सभ्य माणूस. हात जोडूनच म्हणाले, "वैशालीताई, राग मानू नका. तुमच्याकडे फर्निचरचं काही काम चालू आहे का? चार दिवस झाले, सकाळी आठला ठोकणं सुरू होतं ते संध्याकाळी सहापर्यंत. रविवारी तरी..."

मी वळून गॅलरीत पाहिलं. दादा खुर्चीवर बसलेला. डोळे मिटलेले, हात मांडीवर, पाय टाइल्सवर.

वैशाली हसली. जन्मली नागपूरला आजोळी, वाढली-शिकली तिथेच मामाकडे, भांडेगल्लीत सुट्टीपुरतीसुद्धा धड राहिली नाही ती. म्हणाली, "नाही हो काका, आमच्याकडे..."

आणि थांबली.

काकाही थांबले.

"...काहीच काम नाही चालू."

"बरं, मग..." काका म्हणाले. दारात तसेच उभे राहिले, जरा वाट पाहिली, आणि म्हणाले, "...येतो."